थकलेला कर, थकलेले कर्ज आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

अमेरिकेत वाढलेली आपली मुले-मुली संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपन्यांत, प्रयोगशाळांत आणि संघराज्य सरकारच्या कार्यालयांत नोकऱ्या धरू लागल्यापासून या सदराकडे एकाच काळजीची पत्रे पुन्हा पुन्हा येत आहेत: कर थकला आहे किंवा कर्ज थकले आहे, तर सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, मिळेल का, आणि असलेला टिकेल का? त्यांपैकी काही पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगणे आवश्यक आहे. गोपनीय माहिती हाताळण्यास एखादी व्यक्ती पात्र आहे की नाही, हे अमेरिकेतील सरकारी खाती एकाच नियमावलीच्या आधारे ठरवतात. राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी काढलेला ‘सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डिरेक्टिव्ह ४’ हा आदेश ८ जून २०१७ पासून लागू असून त्यात ‘ए’पासून ‘एम’पर्यंत १३ मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पैशाच्या व्यवहारांचा विचार त्यांतील ‘एफ’ या तत्त्वाखाली होतो. क्लिअरन्स हा कोणाचाही हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ‘डिपार्टमेंट ऑफ द नेव्ही विरुद्ध ईगन’ या खटल्यात स्पष्ट केलेले आहे. शंका उरलीच तर ती अर्जदाराच्या नव्हे, तर राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवावी, असा दंडक आहे. म्हणून ‘माझ्याविरुद्ध काही सिद्ध झालेले नाही’ असे म्हणून येथे भागत नाही. आपल्याविषयीची शंका अर्जदारानेच दूर करायची असते.

प्रश्न : मी व्हर्जिनियात राहणारा सॉफ्टवेअर अभियंता आहे. २०२० ते २०२२ या काळात मी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम केले आणि त्या तिन्ही वर्षांची करविवरणपत्रे भरलीच नाहीत. हातात पैसे साठले की सगळे एकदम भरू, असे म्हणत राहिलो. कर, दंड आणि व्याज मिळून सुमारे ३१ हजार डॉलर होतील, असा अंदाज आहे. आता एका कंपनीने ‘सीक्रेट’ पातळीच्या क्लिअरन्सच्या अटीवर नोकरी देऊ केली आहे. आधी पैसे उभे करून मग विवरणपत्रे द्यावीत, की आधी विवरणपत्रे द्यावीत?

उत्तर : आधी विवरणपत्रे द्यावीत, आणि तीही नोकरीचा अर्ज पुढे सरकण्याची वाट न पाहता लगेच द्यावीत. विवरणपत्र न भरणे आणि कर न भरणे या दोन वेगळ्या चुका आहेत. ‘एफ’ तत्त्वात दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे, परंतु निर्णय करणारे अधिकारी पहिलीकडे अधिक कठोरपणे पाहतात, असे त्यांचे प्रसिद्ध झालेले निर्णय वाचताना जाणवते. पैसे नसणे हे दुर्दैव असू शकते. विवरणपत्र भरायला मात्र पैसे लागत नाहीत. तेथे फक्त कायद्याने ठरवलेले काम ठरलेल्या मुदतीत करायचे असते. जो माणूस दरवर्षी येणारे आणि सर्वांना ठाऊक असलेले हे काम सलग तीन वर्षे टाळतो, तो गोपनीय कागदपत्रे हाताळण्याचे कंटाळवाणे पण अटळ नियम पाळेल का, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडतो, आणि तो रास्त आहे.

आयआरएसच्या, म्हणजे संघराज्याच्या करखात्याच्या, दंडांतही हाच भेद दिसतो. मुदतीत विवरणपत्र न दिल्यास थकलेल्या कराच्या दरमहा ५ टक्के दंड लागतो आणि तो २५ टक्क्यांपर्यंत चढतो. विवरणपत्र देऊन पैसे भरले नाहीत, तर दंड दरमहा अर्धा टक्काच असतो. तुमच्या बाबतीत पहिला दंड केव्हाच कमाल मर्यादेला पोहोचला आहे, व्याज मात्र चालूच आहे. ऑक्टोबरपर्यंत मिळणारी मुदतवाढ विवरणपत्रासाठी असते, पैसे भरण्यासाठी नसते, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

प्रत्यक्ष काम असे करावे. आयआरएसच्या संकेतस्थळावर खाते उघडून प्रत्येक वर्षाचा ‘वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट’ उतरवून घ्यावा. तो विनामूल्य मिळतो, आणि तुम्हाला पैसे देणाऱ्या कंपन्यांनी सरकारला काय कळवले आहे ते त्यात दिसते. दिलेल्या पैशांची नोंद म्हणून त्या कंपन्यांनी तुम्हाला पाठवलेले फॉर्म १०९९ हरवले असले तरी त्यावरून उत्पन्न जुळवता येते. स्वतंत्र व्यवसायाच्या उत्पन्नावर प्राप्तिकराखेरीज १५.३ टक्के दराचा स्वयंरोजगार कर असतो. अंदाज बांधताना पुष्कळ जण तो विसरतात, त्यामुळे ३१ हजारांचा तुमचा आकडा पुन्हा तपासून पाहावा. व्यवसायासाठी झालेला खर्च वजा करायला विसरू नये. हे काम एखाद्या एन्रोल्ड एजंटकडून (आयआरएसची मान्यता असलेल्या करतज्ज्ञाकडून) किंवा सीपीएकडून (परवानाधारक लेखापालाकडून) करून घेणे हिताचे ठरेल. व्हर्जिनिया राज्याचा कर हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याची मुदत १ मे असते, त्याचे खाते वेगळे असते आणि ‘एफ’ तत्त्वात राज्याच्या कराचाही तितकाच विचार होतो. संघराज्याचे प्रकरण मिटवून राज्याचे तसेच ठेवणारे अर्जदार विनाकारण अडकतात, असे वाटल्यामुळे हे मुद्दाम लिहीत आहे.

तिन्ही विवरणपत्रे दाखल झाल्यावर पैशांचा प्रश्न येतो. कर, दंड आणि व्याज मिळून देणे ५० हजार डॉलरपर्यंत असेल, तर हप्त्यांच्या करारासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो आणि फेडीसाठी काही वर्षांची मुदत मिळते. हप्ता बँक खात्यातून आपोआप वळता करता येतो. सर्व विवरणपत्रे दिलेली असल्याशिवाय हा करार होत नाही, हे आधी विवरणपत्रे देण्याचे आणखी एक कारण. वर सांगितलेल्या आदेशाच्या २० व्या परिच्छेदातील ‘जी’ हे कलम तुमच्यासाठीच आहे, असे समजावे: अर्जदाराने संबंधित करखात्याशी विवरणपत्र भरण्याची किंवा देणे फेडण्याची व्यवस्था केली असून तो ती पाळत आहे, ही बाब त्याच्या बाजूने धरली जाते. यातील ‘पाळत आहे’ या शब्दांवर सारी मदार आहे. कालच झालेला आणि एकही हप्ता न फेडलेला करार कोणाचे समाधान करीत नाही. किती हप्ते पुरेत याचा नियम नाही, पण एकही न चुकवता भरलेल्या काही महिन्यांची नोंद हा पुरावा ठरतो, तर नुसते आश्वासन पुरावा ठरत नाही. म्हणूनच आज सुरुवात करणे आणि चौकशी अधिकाऱ्याने विचारल्यावर सुरुवात करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नव्या नोकरीत पगारातून होणारी करकपात पुरेशी आहे ना, हे फॉर्म डब्ल्यू-४ भरताना पाहावे. चालू वर्षाचा कर पुन्हा थकला, तर हप्त्यांचा करार मोडतो आणि तुमचे स्पष्टीकरणही कोलमडते. सगळे देणे एकरकमी फेडण्यासाठी क्रेडिट कार्डांवर भरमसाट व्याजाचे कर्ज मात्र काढू नये. त्याने एक थकबाकी जाऊन दुसरी येते, आणि तीही याच तत्त्वाखाली मोजली जाते.

प्रश्न : माझे पती दीड वर्ष बेकार होते. त्याच काळात माझी शस्त्रक्रिया झाली. क्रेडिट कार्डांची आणि रुग्णालयाची मिळून १९ हजार डॉलरची बिले थकली असून त्यांतील दोन खाती वसुली एजन्सीकडे गेली आहेत. मी सरकारी प्रयोगशाळेत नोकरीसाठी अर्ज केला आहे. किती कर्ज असले म्हणजे क्लिअरन्स नाकारतात? काही खाती सात वर्षांनी क्रेडिट रिपोर्टमधून (कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालातून) आपोआप निघून जातील, तोवर थांबावे का?

उत्तर : असा कोणताही आकडा नियमात नाही. मोठे गृहकर्ज आणि शैक्षणिक कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला अडचण येत नाही, आणि काही हजारांच्या थकबाकीकडे वर्षानुवर्षे पाठ फिरवणाऱ्याला येऊ शकते. पैशाची विवंचना ही सुरक्षेची बाब का मानली जाते, हे समजून घ्यावयाचे तर सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स याचे प्रकरण पाहावे. घटस्फोटाच्या प्रक्रियेत कर्जात बुडालेला हा माणूस १९८५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमधील सोव्हिएत दूतावासात गेला आणि सुरुवातीला ५० हजार डॉलर घेऊन त्याने आपल्याच संस्थेच्या हस्तकांची नावे विकायला आरंभ केला. त्याच्या फितुरीमुळे अनेकांना देहदंड झाला. २१ फेब्रुवारी १९९४ रोजी त्याला अटक झाल्यानंतर त्याच्यावर हेरगिरीच्या कटाबरोबर करचुकवेगिरीचाही आरोप ठेवला गेला, आणि दोन्ही त्याने कबूल केले. तुमची परिस्थिती याच्या जवळपासही जाणारी नाही. परंतु अर्जातील पैशाविषयीचे प्रश्न इतके बारकाईने का विचारले जातात, ते यावरून कळावे.

नोकरी जाणे, आजारपण, घटस्फोट, कुटुंबातील मृत्यू, फसवणूक अशा आपल्या हातात नसलेल्या कारणांनी आलेली अडचण नियमावलीला पूर्ण मान्य आहे. तुमची दोन्ही कारणे त्यात स्पष्टपणे बसतात. मात्र त्या कलमाचा दुसरा अर्धा भाग वाचायचा राहून जातो: अशा परिस्थितीत ती व्यक्ती जबाबदारीने वागलेली असावी लागते. म्हणजे देणेकऱ्यांना पत्र पाठवले का, रुग्णालयाच्या आर्थिक साहाय्याच्या योजनेसाठी अर्ज केला का, घरखर्च कमी केला का, पतींना नोकरी लागल्यावर थोडेथोडे फेडायला सुरुवात केली का, असे प्रश्न विचारले जातील. या प्रत्येकाचे उत्तर कागदावर असावे. पतींचे नोकरी संपल्याचे पत्र, बेकारी भत्त्याची नोंद, शस्त्रक्रियेची बिले, एजन्सीशी झालेला पत्रव्यवहार आणि हप्त्यांच्या पावत्या आजच एका फायलीत लावून ठेवाव्यात. सगळी देणी एकाच वेळी फेडण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. झेपेल अशी योजना आखून, एकेक खाते हाती घेऊन ती अमलात आणलेली दिसली, तर ते विचारात घेतले जाते. ‘नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंग’शी संलग्न असलेल्या ना-नफा संस्थांकडून सल्ला घेतल्यास त्याचाही उपयोग होतो. ‘तुमचे कर्ज अर्ध्यावर आणतो, तोवर देणेकऱ्यांना पैसे देऊ नका’ असे सांगणाऱ्या नफेखोर कंपन्यांपासून मात्र दूर राहावे, कारण त्या काळात थकबाकी वाढत जाते आणि तुमच्या नावावर आणखी नोंदी होतात.

सात वर्षे थांबण्याचा विचार सोडून द्यावा. जुन्या थकबाकीची नोंद साधारणपणे सात वर्षांनी क्रेडिट रिपोर्टमधून निघते, हे खरे. पण नोंद निघाली म्हणजे देणे फिटले असे होत नाही, आणि वसुलीची कायदेशीर मुदत संपून देणे सुटले तर त्याला प्रामाणिक परतफेड म्हणत नाहीत, ही भूमिका या प्रकरणांतील अपील मंडळाने अनेकदा घेतली आहे. बँकेने खात्यावर ‘चार्ज-ऑफ’ असा शेरा मारला, तरीही तिने आपला हिशेब बंद केलेला असतो, तुमचे देणे माफ केलेले नसते. देणेकऱ्याने काही रक्कम खरोखर सोडून दिली, तर तो फॉर्म १०९९-सी पाठवतो आणि ती रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते. त्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जास्त असल्यास फॉर्म ९८२ भरून त्यातून सूट मागता येते. तो १०९९-सी दुर्लक्षित राहिला, तर कर्जाचे प्रकरण मिटता मिटता कराचे नवे प्रकरण उभे राहते.

प्रश्न : माझ्या मुलाने पदवीनंतर दोन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत, कारण पगारातून कापलेला कर जास्त होता आणि त्यालाच परतावा मिळायचा होता. सरकारचे काहीच बुडाले नसताना यालाही दोष धरतील का?

उत्तर : धरू शकतात. त्याचे उत्पन्न विवरणपत्र भरण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर परतावा येणार असला तरी ते भरणे बंधनकारक होते. परतावा असल्यास उशिराचा दंड लागत नाही, त्यामुळे ही चूक सर्वांत सहज सुधारता येण्याजोगी आहे. दोन्ही विवरणपत्रे आताच भरून टाकावीत. मूळ मुदतीपासून तीन वर्षे उलटली, तर परताव्याचे पैसेही कायमचे हातचे जातात.

प्रश्न : क्लिअरन्ससाठीच्या एसएफ-८६ या अर्जात कराच्या थकबाकीविषयी विचारले आहे. ‘ते पैसे आता भरून झालेत, क्रेडिट रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, मग उगाच कशाला लिहायचे?’ असे एका अनुभवी सहकाऱ्याने सांगितले. काय करावे?

उत्तर : लिहावे. हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्यामुळे माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. अर्जाच्या २६ व्या विभागात गेल्या सात वर्षांत तुम्ही विवरणपत्र भरले नाही किंवा कर भरला नाही असे घडले का, असे विचारलेले आहे. आज काही देणे आहे का, एवढेच विचारलेले नाही. त्यामुळे भरून टाकलेल्या थकबाकीचे उत्तरही ‘हो’ असेच येते. त्याच विभागात दिवाळखोरी, जुगारामुळे आलेल्या अडचणी, सरकारी प्रवासकार्डाचा गैरवापर, वसुलीकडे गेलेली खाती, पगारातून झालेली सक्तीची कपात आणि १२० दिवसांहून अधिक थकलेली देणी यांचीही विचारणा असते.

कराच्या बोज्याच्या (थकलेल्या करापोटी मालमत्तेवर सांगितलेल्या सरकारी हक्काच्या) नोंदी २०१८ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट संस्थांच्या रिपोर्टमधून निघाल्या, म्हणून ‘दिसत नाही’ असा समज पसरला असावा. पण अर्जदार चौकशीसाठी लेखी संमती देतो, बोज्याची नोटीस सार्वजनिक दप्तरात असते, आणि करखात्याकडील स्वतःचे ट्रान्सक्रिप्ट आणून द्या असे चौकशी अधिकारी केव्हाही सांगू शकतो. ही माहिती लपवल्याचे उघड झाले, की प्रकरण ‘एफ’ तत्त्वातून वैयक्तिक वर्तनाच्या ‘ई’ तत्त्वात जाते. पैशाची चूक पावत्यांनी दुरुस्त होते. जाणूनबुजून लिहिलेल्या खोट्या उत्तराला तशी पावती नसते. सरकारी अर्जात जाणीवपूर्वक खोटे लिहिणे हा संघराज्याच्या कायद्याने पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असलेला गुन्हाही आहे.

अर्ज आधीच दिला असेल आणि त्यात हे उत्तर चुकले असेल, तर कोणी त्यावर बोट ठेवण्याआधी आपण होऊन कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवावे. स्वतःहून आणि तत्परतेने केलेली दुरुस्ती नियमावलीत अर्जदाराच्या बाजूने मोजली जाते. अर्जातील टिप्पणीच्या जागेत वर्ष, रक्कम, कारण, केव्हा आणि कसे फेडले, हे चार-पाच सरळ वाक्यांत लिहावे. फार पाल्हाळ नको आणि कोणावर ठपकाही नको.

प्रश्न : घरचे सगळे आर्थिक व्यवहार माझे पती पाहतात. त्यांच्या व्यवसायाचा कर थकला आहे, हे मला गेल्या महिन्यात कळले. आमची विवरणपत्रे संयुक्त आहेत. क्लिअरन्स माझ्यासाठी हवा आहे. मी यात दोषी कशी?

उत्तर : तुमची व्यथा पूर्णपणे समजते, परंतु कायद्याची बाजू आधी नीट पाहावी. संयुक्त विवरणपत्रावर सही केली, की त्यावरील संपूर्ण कराला पती-पत्नी दोघेही एकत्र आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतात. उत्पन्न कोणी मिळवले याने फरक पडत नाही. विवरणपत्रात पतींनी दडवलेल्या गोष्टींमुळे कर वाढला असेल आणि तुम्हाला ते ठाऊक असण्याचे कारण नसेल, तर फॉर्म ८८५७ भरून ‘इनोसंट स्पाउस रिलीफ’ मागता येते. विवरणपत्र बरोबर होते पण पैसे भरले गेले नाहीत, अशी स्थिती असल्यास त्याच फॉर्मवर न्याय्य सवलतीचा वेगळा विचार होतो. पुढील वर्षापासून स्वतंत्र विवरणपत्र भरायचे असल्यास तो निर्णय मुदतीच्या आत घ्यावा लागतो, कारण मुदत टळल्यावर संयुक्त विवरणपत्र मागे घेऊन स्वतंत्र भरता येत नाही.

क्लिअरन्सच्या दृष्टीने, कळण्याआधी तुम्ही काय केले यापेक्षा कळल्यानंतर काय केले याला अधिक महत्त्व येईल. विश्वासाने सही केली, हे समजण्यासारखे आहे. परंतु आता कळल्यावरही ‘ते पाहतात’ असे म्हणून बाजूला राहिलात, तर ती तुमची स्वतःची निष्काळजी ठरेल. आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने खाते उघडून प्रत्येक संयुक्त वर्षाचे देणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि हप्त्यांचा करार होताना त्यात स्वतः सहभागी व्हावे. हे बोलणे घरात अवघड जाईल याची जाणीव आहे, तरीही ते टाळू नये.

प्रश्न : मी अमेरिकेची नागरिक आहे. भारतातील बँकेत माझी एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीची) मुदतठेव आहे. तिचे व्याज तिथे करमुक्त असल्यामुळे मी ते येथे कधी दाखवले नाही. क्लिअरन्सच्या अर्जात हे अंगाशी येईल का?

उत्तर : अमेरिका आपल्या नागरिकांच्या जगभरातील उत्पन्नावर कर आकारते, त्यामुळे भारतात करमुक्त असलेले एनआरई ठेवीचे व्याज येथे करपात्र आहे. याशिवाय, परदेशातील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एका दिवशीही १० हजार डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबीएआर हे स्वतंत्र निवेदन अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे द्यावे लागते, आणि ते विवरणपत्रापेक्षा वेगळे असते. ठेव मोठी असल्यास परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ सुद्धा लागू होतो. परदेशी खाते असणे हा दोष नाही. अर्जाच्या २० व्या विभागात ते सांगावेच लागते. पण तेथे खाते जाहीर करायचे आणि विवरणपत्रात त्याचा उल्लेखच नाही, अशी विसंगती राहिली तर तीच प्रश्नाचे मूळ बनते.

अज्ञानामुळे राहून गेलेल्यांसाठी आयआरएसने ‘स्ट्रीमलाइन्ड’ नावाची पद्धत ठेवली आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना तीत तीन वर्षांची सुधारित विवरणपत्रे आणि सहा वर्षांची एफबीएआर निवेदने द्यावी लागतात, कर व व्याज भरावे लागते आणि परदेशी मालमत्तेच्या सर्वोच्च वर्षअखेर रकमेवर ५ टक्के दंड असतो. हेतुपुरस्सर लपवलेले नव्हते, असे त्यात शपथेवर लिहून द्यायचे असते, म्हणून या विषयातील वकिलाला दाखवल्याशिवाय ते कागद पाठवू नयेत. आयआरएसने तुमची तपासणी सुरू केली की हा मार्ग बंद होतो. अर्ज करण्याआधी हे पूर्ण करणे उत्तम. निदान सुरू तरी करावे.

प्रश्न : माझ्याकडे क्लिअरन्स आहे आणि पुढची फेरतपासणी अजून दूर आहे. चॅप्टर १३ खाली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागणार आहे. आताच कळवायचे का?

उत्तर : होय, आताच. दिवाळखोरी आणि १२० दिवसांहून अधिक थकलेले देणे, या दोन्ही गोष्टी स्वतःहून कळवण्याचे बंधन क्लिअरन्सधारकांवर आहे, आणि आता ठरावीक वर्षांनी होणाऱ्या फेरतपासणीची जागा सततच्या स्वयंचलित पडताळणीने घेतली असल्यामुळे न कळवता राहण्याचा प्रश्नच उरत नाही. दिवाळखोरी हा देणी मिटवण्याचा कायदेशीर मार्ग आहे. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली परतफेड होत असल्यामुळे ती हप्त्यांची नोंदच तुमच्या कामी येईल.

प्रश्न : कंत्राटदार कंपनीत काम करणाऱ्या माझ्या भावाला कराच्या थकबाकीवरून ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, म्हणजे क्लिअरन्सवरील आक्षेपांचे पत्र, आले आहे. सगळे संपले का?

उत्तर : संपलेले नाही, पण आता दिवस मोजून काम करायला हवे. त्या पत्रात आक्षेप क्रमांकवार दिलेले असतात. पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत प्रत्येक आक्षेपाला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे लेखी उत्तर कारणांसह द्यावे लागते. मुदत अपुरी वाटल्यास ती संपण्याआधीच वाढवून मागावी. उत्तरातच एक निवड करायची असते: संरक्षण खात्याच्या ‘डोहा’ या कार्यालयातील प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी हवी, की केवळ कागदपत्रांवरून निर्णय हवा. माझे स्पष्ट मत सुनावणीच्या बाजूने आहे. माणूस समोर बसून, आपली अडचण स्वतःच्या शब्दांत सांगून, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो तेव्हा न्यायाधीशाला त्याची विश्वासार्हता जोखता येते. नुसत्या फायलीवरून ती जोखता येत नाही. परवडत असेल तर या कामाचा अनुभव असलेला वकील करावा. नसेल परवडत, तर स्वतः उभे राहण्याची मुभा आहे.

न्यायाधीश एकेका थकबाकीबरोबरच संपूर्ण माणसाचा विचार करतो. गोष्ट किती गंभीर होती, किती जुनी, त्या वेळी वय काय होते, पुन्हा घडण्याची शक्यता किती, दबावाला बळी पडण्याचा धोका आहे का, हे सारे त्यात येते. भावाने आयआरएसचे ताजे अकाउंट ट्रान्सक्रिप्ट, हप्त्यांच्या कराराचे पत्र, प्रत्येक हप्ता बँकेतून गेल्याची नोंद, महिन्याच्या जमाखर्चाचा तक्ता आणि कामाचा दर्जा सांगणारी वरिष्ठांची पत्रे तयार ठेवावीत. पत्र आल्यावर सुरू केलेल्या परतफेडीचे वजन कमी असते, हे त्याने मान्य करून चालावे, तरीही ती सुरू करावीच.

निर्णय विरुद्ध गेला, तर त्या तारखेपासून १५ दिवसांत अपिलाची सूचना देता येते, आणि तेही फळले नाही तर एका वर्षानंतर पुन्हा पात्रतेसाठी विचार करण्याची विनंती करता येते. मात्र अपील मंडळ नवा पुरावा स्वीकारत नाही. न्यायाधीशाने त्याच्यासमोर असलेल्या कागदांवरून योग्य निष्कर्ष काढला की नाही, एवढेच ते पाहते. त्यामुळे भावाजवळ असलेली प्रत्येक पावती, अगदी सुनावणीच्या आदल्या दिवशी भरलेल्या हप्त्याचीसुद्धा, न्यायाधीशाकडील नोंद बंद होण्यापूर्वी दाखल झालेली असली पाहिजे.